परसदार : थंडीतली अंडी



ह्या सदरात आम्ही आजवर भेंडी, अळू आणि गराजमध्ये हिवाळा काढणारा कढीपत्ता ह्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं. कोंबड्यांवर लिहायला मात्र बिचकत होतो, कारण आपल्या मंडळात निम्मी घरं शाकाहारी आणि उरलेल्यांतली निम्मी सोमवारी आणि शनिवारी शाकाहारी. पण २०२५च्या सुरुवातीला अंड्यांचे भाव भडकले. मार्चमध्ये तर डझनाची देशभरातली सरासरी सहा डॉलर तेवीस सेंटांवर गेली होती. त्या वसंतात आपल्यातल्या चार-पाच घरांनी मागच्या अंगणात खुराडी उभी केली. भाव पुढे उतरले, कोंबड्या राहिल्या. आता त्यांचा पहिला हिवाळा आहे आणि आमच्याकडे फोन येताहेत. दोन घरांत कोंबडी म्हणून आणलेली बया आरवायला लागली, त्यामुळे प्रश्नही पुढच्या इयत्तेतले आहेत. त्यातला एक तीन घरांनी विचारला: थंडीत घातलेलं अंडं उबवायला चालतं का, की ते गारठून मेलेलंच असतं?

चालतं. पण कसं आणि कशाला, ह्या दोन्हींचं उत्तर जरा लांबण लावून द्यावं लागेल.

आधी हे ध्यानात घ्या की नर सोबत असेल तर कोंबडीने घातलेलं अंडं ही कोरी सुरुवात नसते. अंडं तयार व्हायला कोंबडीच्या पोटात साधारण पंचवीस तास लागतात, आणि तिचं अंग आपल्यापेक्षा गरम, १०५-१०६ फॅरनहाइट. तेवढ्या वेळात आतल्या जिवाची वाढ सुरू झालेली असते, हजारो पेशी झालेल्या असतात. अंडं बाहेर पडून थंड झालं की ही वाढ थांबते. थांबते म्हणजे मरते नव्हे, झोपी जाते. साधारण ६८-७० फॅरनहाइटच्या खाली ती झोप टिकते, वर गेलं की जीव अर्धवट जागा होतो. ना धड वाढतो, ना धड झोपतो, आणि चार दिवसांत संपतो. आमच्या घाटावरच्या आजी वैशाखात कोंबडी अंड्यांवर बसवायच्या नाहीत, दिवाळी उलटली की बसवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "उन्हाळ्यात अंडी नासतात रे." त्यांना थर्मामीटर ठाऊक नव्हता, पण हिशोब बरोबर होता. घरात सावलीतसुद्धा नव्वद-पंचाण्णव डिग्री असली की टोपलीतली अंडी झोपणार कशी?

तेव्हा तिकडे अंड्याला उन्हाळा वैरी, इथे थंडी. पण थंडी वैरी होते ती एका मर्यादेखाली. उबवायच्या अंड्याला सगळ्यात मानवतं ते ५५ ते ६० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या बेसमेंटच्या कोपऱ्यातलं हवामान. पाणी गोठतं त्याच्याही जरा खाली अंडं उतरलं की आतलं गोठायला लागतं, गोठताना फुगतं, आणि कवच उभं तडकतं. तडकलेलं अंडं उबवायच्या कामाचं नाही, आणि आम्ही ते स्वयंपाकातही घेत नाही. आपला ईशान्य ओहायो ह्या बाबतीत कुणाला हार जाणारा नाही. १९ जानेवारी १९९४ला क्लीव्हलंडात उणे २० फॅरनहाइटची नोंद झाली होती, ती अजून कुणी मोडलेली नाही. एरवीही जानेवारीत पाच-दहा डिग्रीच्या सकाळी असतातच.

म्हणून थंडीतल्या अंड्यांचं खरं काम आहे चालण्याचं. बहुतेक कोंबड्या उजाडल्यापासून दुपारपर्यंत अंडी घालतात. त्या चार-पाच तासांत दर दीड तासाने खुराड्यापर्यंत जाऊन यायचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर एकदाच टोपली घेऊन जाणं जुलैत ठीक, जानेवारीत नाही. घरट्याच्या पेटीत गवताचा चांगला वीतभर थर घाला, तोंडाला जुन्या गोणपाटाचा पडदा लावा. चार पेट्या केल्या तरी सगळ्या कोंबड्यांना एकच पेटी हवी असते आणि बाहेर रांग लागते. उन्हाळ्यात ह्याचा वैताग येतो, थंडीत हे बरं, कारण एकीने घातलेलं अंडं दुसरीच्या पोटाखाली राहतं.

गोळा केलेली अंडी तडक गरम स्वयंपाकघरात आणू नका. थंडगार चष्मा घरात आणला की त्यावर धुकं धरतं ना, तसं अंड्यावर दव धरतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, आणि ओलाव्याबरोबर कवचावरचे जंतू आत शिरतात. आधी गराजमध्ये, मग बेसमेंटमध्ये, असं टप्प्याटप्प्याने आणावं. आणि कृपा करून धुऊ नका. कोंबडी अंड्यावर एक पातळ लेप देऊन पाठवते, तोच त्याचा कोट. मळलेलं अंडं खायला घ्या, स्वच्छ तेवढं उबवायला ठेवा. निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर, कारण हवेची पोकळी बोथट बाजूला असते. आठवड्याच्या आत लावली तर उत्तम, दहा दिवस चालतात, त्यापुढे दर दिवशी उबण्याची शक्यता घसरत जाते. पुठ्ठ्याच्या एका बाजूखाली वीट ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ वीट दुसऱ्या बाजूला सरकवायची, म्हणजे बलक कवचाला चिकटत नाही. फ्रीज मात्र नको. तिथे जास्त थंड आणि फार कोरडं. फ्रीजमधली अंडीही कधीकधी उबतात, पण मुद्दाम कशाला?

आता कशाला ह्या प्रश्नाकडे. शहाणा माणूस मार्च-एप्रिलपर्यंत थांबतो. दिवस मोठा झाला की कोंबड्या भरपूर घालतात, नर उत्साहात असतो, पिल्लांना लवकर बाहेर काढता येतं. डिसेंबरात इथे दिवस नऊ तासांच्या थोडाच वर, आणि कोंबडीला अंड्यावर राहायला चौदाएक तास उजेड हवा. (टायमरवर दिवा लावणार असाल तर तो पहाटे लावा, संध्याकाळी नको. रात्री दिवा अचानक विझला की कोंबड्यांना दांडीवर चढता येत नाही, बिचाऱ्या जमिनीवर बसून राहतात.) तरी आम्ही २०२५च्या जानेवारीत अंडी उबवायला घेतली, त्याला कारण आमचे शेजारचे आजोबा.

आजोबा म्हणजे आमच्या रस्त्यापलीकडचे शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता, सगळे बकाय जातीचे. बकाय म्हणजे ओहायोचं ते प्रसिद्ध झाड, त्याच्या बीसारखा चकचकीत तपकिरी लाल रंग म्हणून हे नाव. ही जात आपल्या इथलीच. क्लीव्हलंडहून गाडीने तासाभरावर वॉरेन गाव आहे, तिथल्या नेटी मेटकाफ नावाच्या बाईंनी १८९६च्या सुमारास ती तयार करायला घेतली. प्लिमथ रॉकच्या माद्या, बफ कोचीनचा नर, मग झुंजीच्या तांबड्या कोंबड्यांचं रक्त, असं पाच-सात वर्षं करत त्यांनी ओहायोच्या थंडीला पुरून उरेल असं पाखरू घडवलं. १९०४ मध्ये ती जात अधिकृत यादीत आली. अमेरिकेतल्या इतक्या जातींमध्ये बाईने घडवलेली म्हणून नोंद असलेली ही एकच. पुढे कारखानदारी कोंबड्या आल्या आणि बकाय मागे पडली, अगदी दुर्मिळ झाली.

तिची करामत तुऱ्यात आहे. लेगहॉर्नचा तुरा असतो करवतीसारखा उभा आणि मोठा. बकायचा तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा, डोक्याला चिकटलेला. कडाक्याच्या थंडीत उघडं मांस आधी गोठतं, म्हणून मोठ्या तुऱ्याच्या नराला हिमदंश होतो, टोकं काळी पडून झडतात. आणि हे नुसतं रूपाचं नुकसान नाही. हिमदंश झालेला नर काही आठवडे नीट फळवत नाही, अंडी वांझ निघतात. ज्या घरांना हिवाळ्यात फळलेली अंडी हवीत त्यांनी म्हणून आधी कोंबड्याच्या डोक्याकडे बघावं. लोक तुऱ्याला व्हॅसलीन लावतात, लावा, पण खरा इलाज खुराडं कोरडं ठेवण्याचा आहे. कोंबडीच्या श्वासातला आणि शिटेतला ओलावा वर साठतो आणि तोच तुऱ्यावर गोठतो. थंडी लागेल म्हणून सगळ्या फटी बुजवतात, तिथे हिमदंश जास्त. वर, दांडीच्या पातळीच्या पुष्कळ वर, हवा खेळती हवी. खुराड्यात तापणारा दिवा तर टांगूच नका. गवत, धूळ, लाकूड आणि दिवा हे चौघे एकत्र आले की अग्निशमन दल पाचवं येतं.

तर आजोबांचं घर विकायला निघालं होतं. एप्रिलमध्ये ते मुलाकडे ॲरिझोनाला जाणार, कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकणार. नर सहा वर्षांचा, म्हणजे कोंबड्यांच्या हिशोबात आजोबांच्याच वयाचा. त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्या अंगणात बकाय होत्या, मधे एकदोनदा बाहेरून नर आणला तेवढाच. मार्चची वाट बघायला त्यांची ना नव्हती, पण तो नर मार्च बघेल ह्याची त्यांना खात्री नव्हती. म्हणाले, "हवी असतील तर आता घ्या." आणि बर्फावरून दिवसातून चार वेळा खुराड्यापर्यंत जाणं त्यांना झेपणारं नव्हतं.

मग पाळी लावली. आम्ही दोघं आणि मंडळातलं आणखी एक कुटुंब. सकाळी आठ, साडेनऊ, अकरा आणि एक. आमच्यातलं एक जण घरून काम करतं, म्हणून जमलं. मीटिंग चालू असताना बूट चढवून जायचं आणि परत येऊन कॅमेरा लावायचा. त्या आठवड्यात पारा शून्याच्या आसपास होता. २२ ते ३१ जानेवारी अशा दहा दिवसांत २६ अंडी मिळाली. दोन तडकलेली होती, रात्री उशिरा घातलेली असणार. एक वेडंवाकडं होतं. तेवीस अंडी १ फेब्रुवारीला, शनिवारी, इनक्यूबेटरमध्ये गेली. त्याआधी दिवसभर ती खोलीच्या तापमानाला आणून ठेवली होती, थेट बेसमेंटमधून गरम यंत्रात नाही.

यंत्राबद्दल दोन शब्द. पंखा असलेल्या यंत्रात ९९.५ फॅरनहाइट, पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्यावर मोजून १०१-१०२. यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत दुसरा थर्मामीटर ठेवा. यंत्र खिडकीपाशी किंवा हीटच्या जाळीवर ठेवू नका. रात्री थर्मोस्टॅट खाली करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तीन आठवडे काटकसर आवरावी. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची. सम नको, विषम वेळा, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. यंत्र स्वतः फिरवत असेल तर प्रश्नच नाही.

थंडीत सगळ्यात जास्त दगा देतो तो कोरडेपणा. तीन आठवड्यांत अंड्याचं वजन ठरावीक मानाने उतरावं लागतं. पहिल्या १८ दिवसांत साधारण १२-१३ टक्के, म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं साडेसात ग्रॅमने हलकं. आतलं पाणी उडून हवेची पोकळी मोठी होते, पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. आपल्या घरात फर्नेस चालू असताना हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीचा झटका बसतो. अशा घरात यंत्रातलं पाणी भराभर उडतं आणि अंडी जास्त सुकतात. पहिल्या १८ दिवसांत आर्द्रता ४५-५० टक्के, शेवटच्या तीन दिवसांत ६५-७०. स्वयंपाकाच्या काट्यावर तीन-चार अंडी दर आठवड्याला तोलली की कळतं आपण कुठे आहोत. कवचावर पेन्सिलीने वजन लिहावं, शाई नको.

वीज गेली तर? डिसेंबर २०२२च्या नाताळातल्या वादळात किती घरं अंधारात होती ते आठवत असेलच. घाबरायचं कारण नाही. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं अंड्यांवरून उठून दाणे टिपायला जाते. यंत्राला जाड रजई गुंडाळा, हवेची भोकं मोकळी ठेवा, झाकण उघडून पुन्हा पुन्हा बघू नका. काही तास निघून जातात. पुढच्या आठवड्यांतलं अंडं तर स्वतःचीच ऊब तयार करत असतं.

सातव्या रात्री अंडी दिव्यासमोर धरली. आजोबाही काठी टेकत आले होते, सोबत त्यांचा डब्याचा जुना कंदील, एका बाजूला अंड्याएवढं भोक पाडलेला. आपल्याकडे बायका मुठीची नळी करून उन्हासमोर अंडं धरायच्या, तोच प्रकार. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसतो. वांझ अंडं दिव्यासारखं स्वच्छ. तेवीसपैकी सात स्वच्छ निघाली. आजोबा म्हणाले, म्हाताऱ्याने पुष्कळ केलं म्हणायचं. चौदाव्या दिवशी आणखी दोन थांबलेली दिसली. राहिली चौदा.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, पाणी वाढवायचं, झाकण बंद. हे शेवटचे तीन दिवस घरातल्या मुलांना आणि मोठ्यांना सारखेच जड जातात. पिल्लू आतून चोचीने कवचाला टोक पाडतं आणि मग बारा-बारा, कधी चोवीस तास नुसतं पडून असतं. मदत करायला हात शिवशिवतात. पण झाकण उघडलं की दमट हवा निसटते, कवचाखालचा पापुद्रा वाळून कागदासारखा पिल्लाला आवळतो, आणि हिवाळ्यातल्या घरात हे दोन मिनिटांत होतं. बाहेर आलेली पिल्लंही लगेच काढायची नाहीत, आतच वाळू द्यायची. त्यांना भूक नसते, उरलेला बलक पोटात ओढून घेऊनच ती बाहेर पडतात. दोन-तीन दिवस त्यावर निघतात, म्हणून तर अमेरिकेचं पोस्ट १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं खोक्यातून पोचवतं.

शनिवारी २२ तारखेला संध्याकाळपर्यंत अकरा पिल्लं झाली. तीन कवचातच गेली. तेवीसमधून अकरा, पुस्तकाप्रमाणे हे काही चांगले मार्क नाहीत. सहा वर्षांचा नर, शून्याखालची हवा आणि दहा दिवसांपूर्वीपासूनची अंडी धरता आम्हाला ते पुष्कळ वाटले.

आता हिवाळी पिल्लांचं खरं दुखणं. एप्रिलची पिल्लं चार आठवड्यांत उन्हात बाहेर जातात, फेब्रुवारीची सहा आठवडे तुमच्या घरात राहतात. पहिल्या आठवड्यात ९५ डिग्री ऊब, मग दर आठवड्याला पाच-पाच कमी. तांबडा दिवा न टांगता आम्ही तापणारी पाटी वापरतो, पिल्लं आईच्या पंखाखाली शिरावी तशी तिच्याखाली शिरतात. पण धूळ! दुसऱ्या आठवड्यापासून पिसं फुटायला लागतात आणि बेसमेंटमधल्या प्रत्येक वस्तूवर पिठी बसते. ज्यांच्या घरात दम्याचं मूल किंवा वयस्कर माणूस आहे त्यांनी हे घरात करू नये, गराज तेवढं ऊबदार होईपर्यंत थांबावं. मुलांनी पिल्लू हाताळलं की साबणाने हात धुवायचे, गालाला लावायचं नाही, पापे तर नाहीच. साल्मोनेला दिसत नाही. आणि २०२२ पासून ह्या देशात बर्ड फ्लूने ठाण मांडलं आहे, तेव्हा खुराड्याचे बूट वेगळे ठेवा, आणि तळ्यावरची रानबदकं आणि गूज तुमच्या दाण्यापाण्याला तोंड लावणार नाहीत असं बघा. अनोळखी ठिकाणची पाखरं आणून आपल्यात सोडू नका.

फायदाही सांगितला पाहिजे. फेब्रुवारीत जन्मलेल्या तलंगा ऑगस्ट-सप्टेंबरात अंड्यावर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात सहसा पिसं न झडता घालत राहतात. आमच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाल्या.

तलंगा किती? पाच. अकरापैकी सहा नर निघाले. हा प्रश्न अंडी लावायच्या आधी घरात बसून बोलायचा आहे, नंतर नव्हे. निम्मे नर निघणारच, आणि आपल्या बहुतेक उपनगरांत कोंबडा पाळायला परवानगी नाही. सहांमधला एक आम्ही ठेवला. एक गावाबाहेरच्या शेतावर गेला. चार जूनमध्ये कापून आणले आणि ज्या घरांना चालतं त्यांनी खाल्ले. आमच्या धाकट्याने त्यानंतर दोन आठवडे अंडंही तोंडात घातलं नाही. आम्ही आग्रह केला नाही. मंडळातल्या एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं की हे त्यांना पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं आम्ही समजू शकतो. एवढंच म्हणू की हॅचरीकडून फक्त माद्या मागवल्या म्हणजे नरांचा प्रश्न सुटतो असं नाही. तो आपल्या डोळ्यांआड दुसरीकडे सुटलेला असतो. ज्यांना हे नकोच त्यांनी कोंबडा न ठेवता नुसत्या कोंबड्या पाळाव्यात. त्यांची अंडी उबत नाहीत, कुणाच्या जिवाचा हिशोब नाही, आणि काही शाकाहारी घरांनाही तेवढं चालतं असं कळतं.

आजोबांचा नर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. कोंबड्या एका शेतकऱ्याने नेल्या. जाण्याआधी आजोबा दोनदा आमच्या बेसमेंटमध्ये येऊन खुर्ची टाकून बसले, पिल्लांकडे बघत. एका पिल्लाचा तुरा त्यांनी बोटाने चाचपला आणि सांगितलं, हा ठेवा. तोच आम्ही ठेवला आहे. अजून त्याला नाव नाही, पण आरवतो जोरदार, आणि शेजारचे नवे लोक सज्जन आहेत.

अडचण एक आहे. पाच तलंगा आणि हा, सगळी एकाच घरची भावंडं. ह्यांची अंडी एक पिढी उबवता येतील, पुढे रक्त फार जवळ येतं, अंडी कमी फळतात, पिल्लं कमजोर निघतात. बाहेरचा बकाय नर शोधतो आहोत. ओहायोत ही जात हौसेने राखणारे लोक आहेत, एकदोघांशी बोलणं चाललं आहे. वसंतात आणायचा, महिनाभर वेगळा ठेवून मगच आत सोडायचा.

ह्या जानेवारीत मात्र आहे त्याच नरावर थोडी अंडी काढणार आहोत, फार तर दोन डझन. तीन घरांनी विचारलंच आहे, आणखी कुणाला हवी असतील तर १५ तारखेच्या आत सांगा. नरांचं काय करणार ते आधी ठरवून सांगा. नेताना पुठ्ठा तुमचा आणा, गाडीचा हीटर अंड्यांच्या तोंडावर सोडू नका, घरी गेल्यावर एक दिवस निमुळतं टोक खाली करून ठेवा, मगच यंत्रात घाला. ज्यांना नुसतं बघायचं आहे त्यांच्यासाठी सातव्या रात्री आमच्या बेसमेंटमध्ये दिवे मालवून अंडी बघण्याचा कार्यक्रम आहे. मुलांना जरूर आणा. आजोबा जाताना त्यांचा कंदील आमच्याकडे ठेवून गेले आहेत.